बकुळाच्या गाडीचा नारळ

नवरा मासेमारीला गेला आणि बोट त्याच्याशिवायच परत आली. त्याच बोटीचं इंजिन आणि मिरजोळ्याच्या भंगारातला पत्रा वापरून, दोन वर्षं खपून बकुळाने अंगणात स्वतः गाडी बांधली. आज गाडीत इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं, म्हणून तिने नारळ उचलला. सासऱ्यांनी तिचा हात धरला.

"बाय, तुझ्या हातान नको. जावेला हाक मार. ती सवाष्ण हाय, शुभ होईल."

बकुळाने हात सोडवला, चाकापुढच्या दगडावर नारळ फोडला आणि हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. त्याच्यावर आवाज चढवून ती म्हणाली,

"मामा, ते शेवटचे दर्यावर गेले त्या दिवशी बोटीला नारळ मीच वाढवलेला. कपाळभर कुंकू लावून!"