सातच्या पुढे

टेकडीवरच्या आंतरराष्ट्रीय शाळेत नुसती परीक्षा देऊन डिप्लोमा मिळत नाही, समाजसेवाही करून दाखवावी लागते. म्हणून तिथली मुलं दर शनिवारी बसने घोटावड्याला येत आणि गेणबांच्या नातीला, वैष्णवीला, इंग्रजी आकडे शिकवत. वैष्णवी सहावीत होती. आकडे तिला केव्हाच येत होते.

पण गेणबांनी पहिल्याच शनिवारी तिला बजावलं, "तुला समदं येतंय कळलं, तर ही पोरं दुसऱ्या घरी जातील. ओळख ऱ्हाऊ दे. ह्याच शाळंत घालायचंय तुला. चुकत जा."

वैष्णवी शहाणी मुलगी. दोन वर्षं ती सातच्या पुढे गेली नाही.

यंदा शाळेने गावातल्या एका हुशार मुलीला फुकट प्रवेश द्यायचं ठरवलं. गेणबा नातीला घेऊन ऑफिसात हजर झाले.

मॅडमनी फाइल उघडली. "आजोबा, प्रवेश दुसऱ्या मुलीला दिलाय. हिची दोन वर्षांची नोंद आहे आमच्याकडे. मुलांनी फार प्रयत्न केले हो."

"अवो, येतंय तिला! म्हण गं पोरी!"

वैष्णवीने शंभरापासून एकपर्यंत उलटे आकडे इंग्रजीत धडाधड म्हटले.

मॅडमचे डोळे भरून आले.

"बघा, शेवटी आमच्या मुलांनी शिकवलंच! आता हिला त्यांची गरज नाही. पुढच्या शनिवारपासून ती दुसऱ्या घरी जातील."