सरांचं निदान
"प्लीहा फाटलीय. घे मला टेबलावर," सर म्हणाले.

स्ट्रेचरवर आडवे असूनही आवाज वर्गातलाच होता. मानेला पट्टा, कपाळावर सुकलेलं रक्त, शर्ट कापून बाजूला टाकलेला. चौकात वळताना ट्रकने त्यांची गाडी बाजूने चेपली होती. अपघात विभागाची प्रमुख सर्जन त्यांच्याच हाताखाली शिकलेली. अंगाने बारीक म्हणून सरांनी तेव्हा तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली, ते अजून सोडलं नव्हतं.

तिने बरगड्यांखाली डावीकडे हलकेच दाबलं. सरांनी ओठ आवळले.

"डावा खांदाही दुखतोय?"

"दुखणारच. पोटात रक्त साचलं की खांदा बोलतो. हे मीच शिकवलंय तुला. मग थांबलीस कशाला, चिमणे?"

"आधी स्कॅन करू, सर. डोक्यापासून खुब्यापर्यंत."

"स्कॅन?" सरांनी मान वळवायचा प्रयत्न केला. पट्ट्याने वळू दिली नाही. "मशीनमध्ये गेलेली आणि परत न आलेली माणसं मी पाहिलीत. नेताना बोलत होती."

"तेव्हा मशीन पलीकडच्या इमारतीत होतं. आता या भिंतीमागे आहे. आणि रक्त चढवल्यावर तुमचं प्रेशर टिकलंय. घसरत असतं तर मीच तुम्हाला सरळ आत नेलं असतं."

"तुझ्या हाताला काय लागलं?"

"प्लीहाच."

"मग? माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्या हातावर नाही, सर. तो तुम्हीच तयार केलाय. तुम्ही चुकत असाल, तर तीच चूक मीही करणार."

आजूबाजूचे शिकाऊ डॉक्टर सलाइनच्या बाटल्यांकडे बघायला लागले. दाराशी काकू, सरांच्या पत्नी, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

"अहो, ती म्हणतेय तसं करू द्या ना."

"तुला यातलं काही कळत नाही."

"यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. हट्टाला पेटलाय तुम्ही."

सरांनी डोळे मिटले. "ने. पण ऑपरेशन थिएटर तयार ठेव."

"कधीच ठेवलंय. भूल देणारे डॉक्टर आत उभे आहेत."

स्कॅनच्या खोलीत तिने स्वतःच त्यांचे हात डोक्यावर नीट ठेवले. "शिरेत औषध सोडलं की अंग गरम होईल."

"माहितीये मला."

काचेपलीकडे येऊन ती बसली. टेबल आत सरकलं. स्पीकरमधून सरांचा आवाज आला, "गरम होतंय."

"हो, सर."

"बरंच होतंय."

पडद्यावर चित्रं वरून खाली येऊ लागली. मेंदू ठीक. मान ठीक. छातीची चित्रं येताच तिने हात वर केला आणि तंत्रज्ञाने चित्र थांबवलं. हृदयातून निघालेली मोठी धमनी कमान घेऊन खाली वळते, तिथे तिला फुगा आला होता. आतलं अस्तर फाटलेलं. रक्त अडलं होतं ते फक्त बाहेरच्या पातळ पापुद्र्यावर.

तिने चित्रं पोटापर्यंत खाली सरकवली. प्लीहाही फाटली होती. चीर लहान होती, आणि तिथलं रक्त थांबलेलं होतं.

"आपण पोट उघडलं असतं तर..." एक शिकाऊ डॉक्टर म्हणाली.

"प्रेशर वरखाली झालं असतं आणि वर हे फुटलं असतं. आपण खाली प्लीहा शोधत बसलो असतो." ती उठलीसुद्धा. "कॅथलॅबला सांगा, आम्ही येतोय. मांडीतून नळी घालून धमनीला आतून अस्तर लावायचं. प्रेशर चढू द्यायचं नाही. पोटाला कोणी हात लावायचा नाही, प्लीहेवर नुसती नजर ठेवायची."

टेबल बाहेर आलं. ती सरांवर वाकली.

"सर, छाती."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "अयोर्टा?"

"हो. बाहेरचा पापुद्रा शाबूत आहे."

सर हळूच म्हणाले, "स्ट्रेचर जरा सांभाळून ढकलायला सांग."

"मीच ढकलतेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर अतिदक्षता विभागात उशीला टेकून होते. मांडीवर चिकटपट्टी. पोटावर एकही टाका नाही. ती आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहताच त्यांनी विचारलं, "प्लीहा फाटली होती की नाही?"

"फाटली होती, सर."

"बघ," ते काकूंना म्हणाले.

तिने टॅबलेटवर छातीची चित्रं काढून त्यांच्या हातात दिली. सर बोटाने चित्र वर सरकवत, खाली सरकवत आणि दर वेळी त्याच जागेवर येऊन थांबत.

"काय आहे ते?" काकूंनी वाकून विचारलं.

सरांनी त्यांचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "हे बघ. एवढ्याशा पापुद्र्यावर होतो मी."

काकूंनी बोट झटकन मागे घेतलं. "मग आता काय? घरी कधी न्यायचं? जिना चढायचा की नाही? खरं काय ते सांगा, लपवाछपवी नको."

"मला काय विचारतेस?" सरांनी पलंगाच्या पायथ्याकडे हात केला. "डॉक्टर त्या आहेत."