न जुळणारे जबाब

"पाव्हणं, जबाब जुळंना," हौसराव म्हणाले आणि बायबलातल्या शुभवर्तमानाच्या पानावर त्यांनी बोट आपटलं.

समोर खाटेवर दौंडचे पाहुणे बसले होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, सुमितचे वडील. हौसरावांची लेक राजनंदिनी दौंडच्या शाळेत शिकवायला म्हणून गेली आणि सुमितला होकार देऊन बसली. पोरगा ख्रिस्ती. हौसरावांना नाहीच म्हणायचं होतं, पण धर्मावरून नाही म्हटलं असं आपल्या न्हावरे गावात कुणी बोलायला नको होतं. म्हणून त्यांनी अट घातली. तुमचा येशू मेलेला उठला म्हणता ना, मग त्याचे साक्षीदार मी तपासतो. खरे निघाले तर लग्न, पढवलेले निघाले तर रामराम.

तपासायचा अधिकार त्यांना होता, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. तीस वर्षांत एकशे बारा पंचनाम्यांवर त्यांनी पंच म्हणून सही केली होती. पंचक्रोशीत मोटार चोरीला जावो नाहीतर कडबा जळो, हौसरावांशिवाय कागद पुरा होत नसे.

आता ते टिपणांच्या वहीतून वाचू लागले. येशूची हकिगत चौघांनी लिहिलेली. मत्तय म्हणतो, कबरीवर दोघी गेल्या. मार्क म्हणतो तिघी. योहान एकटीचंच नाव घेतो. एकाला तिथं एक देवदूत दिसतो, दुसऱ्याला दोन. पाहुणे मान डोलवत चहा पीत होते. सोयरीक मोडायला आलीय याची त्यांना काडीची काळजी दिसेना, त्यामुळे हौसराव आणखीच पेटले. सारजाबाई मध्ये काहीतरी बोलायला गेल्या, तर चौकशी चाललीय म्हणून त्यांनी बायकोला गप्प केलं.

वाचता वाचता त्यांचाच आवाज खाली आला. आपले एकशे बारा पंचनामे त्यांना आठवले. त्यातल्या पंचांचं सांगणं कसं काना-मात्रेसकट जुळायचं. जुळणारच, कारण कागद आधीच लिहून तयार असायचा आणि दोघं पंच टपरीवर भजी खाता खाता सही ठोकायचे. जागेवर गेलेलं कुणीच नसायचं. हौसरावांना आयुष्यात पहिल्यांदा त्या भज्यांची लाज वाटली.

"ह्यांना कुणी पढवल्यालं न्हाई," ते कसंनुसं म्हणाले. "मेलेला उठला का न्हाई, त्ये मला ठावं न्हाई. पर ही माणसं सोताच्या तोंडानं बोलत्यात."

तरी एक पळवाट उरली होती. कबर रिकामी बघणाऱ्या पहिल्या साक्षीदार बायाच होत्या, आणि एकशे बारा पंचनाम्यांत त्यांनी एकही बाई पंच पाहिली नव्हती. बाईच्या शब्दाला वजन किती? पण हा मुद्दा मांडता मांडताच त्यांच्या लक्षात आलं, की खोटं रचणाऱ्यानं बायांना कशाला पुढं केलं असतं? गावातले दोन वजनदार गडी उभे केले असते. पळवाट बुजली. पोरीचं लग्न आता त्यांच्याच अटीनं लावून द्यावं लागणार होतं.

हा राग कुणावर तरी काढायला हवा होता. लूकच्या पानावर त्यांना माणसं सापडली. बाया कबरीवरून आल्या, त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, आणि येशूच्या शिष्य गड्यांनी ती बडबड समजून कानाआड केली. हौसराव तडकले. घरच्या बाया डोळ्यांनी बघून आल्या, तोंडानं सांगतायत, आणि ह्यांना ऐकायला काय झालं होतं? असली कसली माणसं? पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि ते जमिनीकडे बघू लागले.

सारजाबाई दाराशी लसूण सोलत होत्या. त्यांनी परडी बाजूला सारली.

"नंदिनीनं आन् सुमितनं रजिस्टर लगीन केलंय," त्या म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून माझी सही हाय, आन् दिवाळीपास्नं तुमाला तीन डाव सांगून झालंय."