दोनशे फुटांची शपथ

दोनशे फुटांच्या खाली गावात कुणीच बोअर मारायचं नाही, हे ठरवलं आमच्याच अण्णांनी, माझ्या वडिलांनी. ग्रामसभेत सगळ्यांना मारुतीची शपथ घातली. म्हणाले, "खालचं पाणी आपलं नाय. जी पोरं अजून जन्मलीच नाय, त्यांचं हाय."

मला लय भारी वाटलेलं. तेच सांगत मी गावभर फिरलो. माझा दोस्त गोरख खोल बोअर मारायला निघाला होता. त्याच्या अक्षरशः पाया पडलो, गाडी परत पाठवायला लावली. या उन्हाळ्यात त्याची द्राक्षबाग वाळली. तरी मला एका शब्दाने बोलला नाही.

आज बोअरची गाडी आमच्या बागेत उभी आहे. तीनशे फूट झाले, अण्णा थांबायला तयार नाहीत.

"अण्णा, शपथ तुम्हीच घातली ना?"

"बाजूला हो, हर्षल. तुझ्यासाठीच करतोय."

"अहो, पलीकडच्या गावात हजार फुटांवर पण नुसती धूळ निघते. आपल्याला काय लागणार?"

अण्णा हसले.

"त्यांनी शपथ कुठं घेतली होती? आपलं गाव पाळतंय ना. लागणार पाणी."