मेमरी वाढवल्यानंतर

धर्मेंद्र दुकानातलं शेवटचं खोकं ऑटोत ठेवत होता, तेव्हा पुष्पलता समोरच्या फुटपाथवरून बघत होती.

तो रस्ता ओलांडून तिच्यापर्यंत आला. "काकू, आईची शपथ, मी फक्त रॅम टाकली जी. एकही फाइल उघडली नाही."

"माही पोरगी तीन महिन्यांपासून खोलीच्या बाहेर नाही आली," ती म्हणाली. "तू तर नुसता सीताबर्डीच्या बाहेर चालला."

ऑटो निघून गेला. पुष्पलताला बरं वाटलं, पण मन भरलं नाही.

तिच्या मुलीचं, कामिनीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा संजीव, बुटीबोरीला कामिनी काम करायची त्याच कारखान्यात नोकरीला. जात वेगळी. वडील ईश्वरदास वर्षभर नाही म्हणत राहिले आणि शेवटी कबूल झाले. साखरपुडा जवळ आला, तेव्हा कामिनीचा लॅपटॉप फार हळू चालत होता. म्हणून तो धर्मेंद्रकडे टाकला. त्याने आठ जीबीची रॅम सोळा करून दिली. लॅपटॉप घरी आल्यावर चौथ्या दिवशी संजीवच्या आईच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून फोटो आले. कामिनी आणि तिचा कॉलेजातला एक जुना मित्र. ते फोटो त्या लॅपटॉपशिवाय कुठंच नव्हते.

लग्न मोडलं.

पोलिसांनी पुरावा मागितला. तो पुष्पलताकडे नव्हता. मग ती स्वतःच उभी राहिली. रोज अकरा वाजता, धर्मेंद्रच्या दुकानासमोर, हातात कापडी फलक : 'इथे मुलींचे फोटो चोरतात.' फलकाचं दुसरं टोक ईश्वरदास धरायचे. ऊन चढलं की पाण्याची बाटली तिच्यापुढं करायचे. गिऱ्हाईकं तुटली. गाळ्याच्या मालकाने धर्मेंद्रला निघायला सांगितलं. त्याच्या बायकोशी शेजारणी बोलेनाशा झाल्या, हेसुद्धा पुष्पलताने चौकशी करून माहीत करून घेतलं.

आता तिला तो तुरुंगात हवा होता.

लॅपटॉप अजूनही रखडतच होता. मेमरी दुप्पट होऊनही साधी फाइल उघडायला दोन मिनिटं लागत.

"त्यानं आतमध्ये काहीतरी करून ठेवलं आहे," पुष्पलता म्हणाली. "कोणाकडून तपासून लिहून घेते आन् पोलिसांत देते."

"जाऊ दे ना वं आता," ईश्वरदास म्हणाले. "गेला ना तो. पोरीले नवा घेऊन देतो. हा फेकून दे."

"काहून फेकू?"

ईश्वरदासांनी चपला घातल्या आणि ते तिच्यासोबत निघाले.

धरमपेठेत मेघा नावाची मुलगी कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तिने लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं, रॅम उपसून पुन्हा बसवली, तपासणी चालवली. अर्धा तास गेला.

"रॅम चांगली आहे, काकू. बसवलीही नीट. पूर्ण सोळा दिसून राहिली."

"मग?"

"आत लपून एक प्रोग्राम चालून राहिला. तोच सगळी मेमरी खातो. यात कोणताही फोटो उघडला की त्याची कॉपी बाहेर कोणालातरी पाठवतो."

पुष्पलताने टेबलाची कड घट्ट धरली. "धर्मेंद्र. हेच लिहून दे मले."

"त्याच्याकडे कधी दिला होता?"

"फेब्रुवारीत."

मेघाने पडद्यावरची तारीख पुन्हा पाहिली. "हा प्रोग्राम तर दिवाळीत टाकलेला आहे."

दिवाळीत लॅपटॉप घरातच होता. तेव्हा घरी कोण कोण आलं होतं, ते पुष्पलता आठवू लागली. कामिनीच्या मैत्रिणी आल्या होत्या. संजीवही फराळाला येऊन गेला होता.

"जातं कोणाकडे?" तिने विचारलं.

"नाव दिसत नाही. पण पाठवणं अजून बंद नाही. थांबा, वायफाय जोडून एक फोटो उघडते. जातो का बघू."

ईश्वरदास खुर्चीवरून उठले. "चाल वं. उशीर होऊन राहिला."

"बसा तुम्ही."

मेघाने कामिनीचा एक फोटो उघडला. पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि थांबलं.

ईश्वरदासच्या शर्टाच्या खिशात मोबाइल वाजला.

"अजून एक उघड," पुष्पलता म्हणाली.

मेघाने दुसरा उघडला. खिसा पुन्हा वाजला.