जालीम उपाय

फोन वाजला तसा मुलाने तो आईच्या उशीखालून ओढून काढला. म्हातारीचा हात मागोमाग गेला, पण अंथरुणातून उठवतच नव्हतं, तिथे हात जाऊन जाऊन जाणार किती.

"माझा आहे तो," ती म्हणाली. "दे इकडे."

"तुझीच ती मशीनवाली असणार. सुट्टीच्या दिवशीही डोळ्याला डोळा लागू देत नाही."

मशीन होतं पाणी शुद्ध करायचं, आणि म्हातारी ते घेणार नव्हती. ते विकायला फोन करणाऱ्या कॉल सेंटरमधल्या पोरीलाही हे केव्हाच कळलं होतं. पण म्हातारीने उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेली. पहिल्याच फोनला तिने पोरीला विचारलं होतं, "कान दुखतो ना गं? मधूनमधून बाजू बदलत जा." तेव्हापासून पोरगी रोज फोन करायची, मशीनचं गुणगान घाईघाईने उरकायची आणि मग दोघी बोलत बसायच्या. कॉल लांबला की पोरीच्या नावावर तेवढं काम धरलं जातं, हे म्हातारीला ठाऊक होतं. आणि "जेवलात का?" असं म्हातारीला विचारणारं दुसरं कुणी नाही, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"नको म्हटलं की उद्या पुन्हा करतात," मुलगा दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला. "ऑफिसातल्या एकाने जालीम उपाय सांगितलाय. त्यांच्या यादीतून नंबर कायमचा कटतो. बघच तू गंमत."

त्याने स्पीकर लावला.

"आजी, आज जरा उशीरच झाला—"

"त्या वारल्या," मुलगा म्हणाला.

म्हातारीने तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे डोळे वटारले. ओरडली असती तर पोरीला ऐकू गेलं असतं. आवाज अजून खणखणीत होता. पण सुनेसमोर मुलाला खोटं पाडायचं, आणि मग रात्री पाणी मागायचं ते कुणाकडे? तिने तोंड मिटलं.

"कधी?" पोरगी म्हणाली. "कालच बोललो की हो आम्ही."

"काल रात्रीच."

"काय झालं होतं?"

"वय झालं होतं. दुसरं काय व्हायचंय?"

सुनेने खुदकन हसून तोंडावर हात दाबला. पलीकडे पोरगी रडत होती. तिच्या आसपास बाकीच्यांची विक्री जोरात चालली होती, त्यामुळे बिचारीला रडावंही दबकतच लागत होतं. म्हातारीला ते सगळं ऐकू येत होतं. आपल्यामागे कोण रडेल, हे माणसाला जिवंतपणी कळू नये म्हणतात.

"सर, एक विचारू? शेवटी त्यांच्याजवळ कुणी होतं ना?"

"होतं म्हणजे? सगळेच होतो. हात हातात घेऊन बसलो होतो."

"बरं झालं बाई. त्यांना तीच धास्ती होती. म्हणायच्या, मी गेले तर घरात दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही."

सुनेचं हसू थांबलं. ती उगाचच पडदा सारखा करू लागली. मुलगा आईकडे बघेना. तेव्हा फोन तिच्या हातात दिला असता तरी निभावलं असतं. पण त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याला राग यायचा.

"नंबर काढून टाका तो," तो म्हणाला.

"हो सर. मीच काढते."

फोन बंद झाला.

"घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडत बसतेस," त्याने आईला सुनावलं आणि फोन खिशात टाकला.

"फोन दे ना माझा," म्हातारीने हात पुढे केला.

"मेलेल्या माणसाला फोन कशाला लागतो?"

सुनेला पुन्हा हसू फुटलं. तोही हसला, आणि कोंडलेलं घर जरा मोकळं झालं. थट्टेत आपण हसलो नाही तर पुढे कितीतरी दिवस ताट आदळून समोर येतं, हे म्हातारीला अनुभवाने माहीत होतं. तिने हात पांघरुणाखाली घेतला आणि तीही हसली, दोघांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.