बाळा तांडेलाची खूण

"काका, ती जागा तेवढी सांगा ना," आकांक्षा म्हणाली, आणि बाळा तांडेलाने पेटवलेली विडी तशीच विझवली.

दोन तास तो भडाभडा बोलत होता. गावातल्या माणसांनी जन्मभर काय काम केलं ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्डिंगच्या मशीनवर टिपायचं आणि वाचनालयात ठेवायचं, ज्याला हवं त्याने ऐकावं, म्हणून शेजारच्या कट्टा गावची ही मुलगी घरोघर फिरत होती. होडी, गळ, वारा, सगळं सांगून झालं. राहिली ती गोबऱ्याच्या खडपाची खूण, म्हणजे गोबरा मासा जिथे हमखास लागतो त्या पाण्याखालच्या खडकाची जागा. आता समुद्रात काही पाटी लावता येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेघेत धरायच्या आणि त्या रेघेने जायचं. ही खूण बापाने शेवटच्या दुखण्यात कानात सांगितलेली. बाळाने ती चाळीस वर्षं जिवापाड जपली. निघताना मुद्दाम देवगडकडे तोंड करायचं, लोकांच्या नजरेआड झालं की होडी वळवायची. ही सगळी उठाठेव एकट्या आर्थरसाठी. आर्थर शेजारी, त्याचीही होडी, त्याचाही गळ. आणि पुढचा नंबर आपला म्हणून नेमका तोच आज ओटीवर ठाण मांडून बसला होता.

"आर्थर, तू जरा भायर जा."

"कित्याक? हंय वारो बरो आसा."

बाळाचा जीव वरखाली झाला. मुलगा मुंबईला बँकेत, होडीत पाय ठेवला की ओकतो. सांगावं, तर खडप उद्या गावाचं आणि त्याआधी आर्थरचं. न सांगावं, तर ते आपल्याबरोबर मसणात. पण होडी हाकणारा तांडेल होता तो. वाऱ्यात निर्णय घ्यायला त्याला कधी वेळ लागला नव्हता.

तो मशीनकडे वाकला.

"आयक गो. देवळाचो कळस आणि आर्थरच्या परड्यातलो बोडको माड. दोनय एका रेघेत धरून सरळ भायर जावचा. बंदरातलो दिवो डोंगराआड गेलो, की नांगर सोडूचो."

सांगितलं एकदाचं. छाती मोकळी झाली. त्याने आर्थरकडे रोखून बघितलं.

"बरोबर सांगलंस," आर्थर म्हणाला.

"बरोबर? तुका काय ठावक?"

"तीस वर्सा ठावक आसा. रोज मान वाकडी करून माझ्या परड्याकडे बघीत होडी हाकतंस. माका कळूचा नाय?"

बाळा आर्थरच्या पुढ्यात येऊन बसला. आकांक्षाने मशीन बंद केलं नाही.

"मगे थंय एकदाय इलंस नाय तो?" बाळाने विचारलं.

आर्थरने खांदे उडवले.

"माड मेल्याक सात वर्सा झाली, बाळा. घरार पडात म्हणान माझी बायल बर्नादेत रोज भांडता. तो मी कोणासाठी उभो ठेवलंय?"